शेऱ्याचा रकाना : शेतकऱ्याचें निरीक्षण आणि धंद्यांतील नवी वाट

पाहणें व निरीक्षण करणें हीं दोन कामें एकच, असा सर्वसाधारण समज आहे. आणि तो समज बाळगूनच आम्हीं आपल्या सरकारी नोकरीचा सारा काळ घालविला. महसूल खात्यांतील कारकुनाचें आयुष्य रकाने भरण्यांत जातें. सातबाऱ्याच्या उताऱ्यांत जो बारावा नमुना असतो, त्यांत पिकाचें नांव, त्याचें क्षेत्र, पाण्याचें साधन, असे रकाने आंखलेले असतात. आणि सर्वांत शेवटीं एक अरुंद रकाना असतो, त्यास 'शेरा' असें म्हणतात. आमच्या हाताखालून जे हजारों उतारे गेले, त्यांत हा रकाना बहुधा कोराच असे. गतवर्षीं जें पीक लिहिलें तेंच यंदा उतरवून घ्यावें आणि पाहणी झाली असें समजावें, ही पुष्कळ ठिकाणची रीत. खोटें लिहिलें जात होतें असें नव्हे. धान होतें तेथें धानच लिहिलें जाई. परंतु त्या धानांत काय उभें आहे, हें कोणी पाहत नव्हतें, व आम्हींही कधीं विचारलें नाहीं.

शेतकऱ्यानें धंद्यांत कांहीं नवें आणावें, असा उपदेश अलीकडे जिकडे तिकडे ऐकूं येतो. यंत्र घ्या, कर्ज काढा, शहरचा बाजार पाहा, असें त्यास सांगण्यांत येतें. हें सर्व ठीकच आहे. परंतु जी नवी वस्तु बाजारांत न्यावयाची ती मुळांत येते कोठून, याचा उलगडा सांगणारा क्वचितच करतो. आमच्या मतें ती बहुतेक वेळां आधींच आपल्या शेतांत किंवा आपल्या गिऱ्हाइकाच्या अंगणांत पडलेली असते. दहा जणांच्या डोळ्यांखालून ती जाते, आणि अकरावा कोणी तिला वेगळी काढून ठेवितो. या अकराव्या माणसाचें एक उदाहरण आमच्याच बाजूचें आहे, तें आधीं सविस्तर सांगतों.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांत नांदेड नांवाचें एक खेडें आहे. (मराठवाड्यांतील मोठें नांदेड शहर तें निराळें.) या खेड्यांत दादाजी रामाजी खोब्रागडे या नांवाचे एक अल्पभूधारक शेतकरी राहत असत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकराच्या आसपास. सन १९८३ सालीं त्यांच्या बांधींत 'पटेल तीन' या जातीचें धान उभें होतें. (बांधी म्हणजे कोंकण-मावळांत ज्यास खाचर म्हणतात तें.) त्या धानांत त्यांस तीन लोंब्या अशा दिसल्या कीं त्यांचे दाणे बाकीच्यांहून निराळे, पिवळसर होते. आतां येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. धानाच्या बांधींत दोनचार लोंब्या निराळ्या दिसणें ही कांहीं अपूर्व गोष्ट नव्हे. प्रत्येक शेतकरी त्या पाहतो, 'भेसळ आली' असें म्हणतो आणि त्या खळ्यावर इतरांबरोबर झोडून टाकतो. दादाजींनीं त्या तीन लोंब्या खुडल्या, प्लॅस्टिकच्या पिशवींत घातल्या आणि पुढच्या हंगामापर्यंत जपून ठेवल्या. दृष्टि व निरीक्षण यांत जो काय फरक आहे, तो आमच्या मतें त्या पिशवीएवढाच आहे.

पुढील वर्षीं, म्हणजे १९८४ सालीं, त्यांनीं ते दाणे आपल्या बांधीच्या मध्यभागीं पेरले व रानडुकरांपासून रक्षण व्हावें म्हणून भोंवतीं कांट्यांचें कुंपण केलें. मध्यभागीं पेरण्यांत केवढें शहाणपण आहे, हें आम्हांस फार उशिरां कळलें. म्हणून तें थोडें फोडून सांगतों. धुऱ्याकडचीं, म्हणजे बांधाकडचीं, रोपें नेहमींच जोमदार दिसतात. त्यांस एका बाजूनें शेजारी नसतो, ऊन अधिक मिळतें, मुळांस पसरावयास जागा असते. जेथें शेणखताचा ढीग पडला होता, किंवा जेथून पाणी बांधींत शिरतें, त्या ठिकाणचीं रोपेंही अशींच उठून दिसतात. अशा रोपाचें बियाणें मोठ्या आशेनें धरून ठेविलें तर दुसऱ्या वर्षीं तें सर्वांसारखेंच निघतें. कारण तो गुण जागेचा होता, बियाण्याचा नव्हता. जागेचा गुण आणि बियाण्याचा गुण हे वेगळे ओळखावयाचे असतील, तर नवें बियाणें जुन्याच्या मध्येंच, सारख्या मातींत व सारख्या पाण्यांत उभें केलें पाहिजे. दुसरी गोष्ट अशी कीं, धानाचें फूल थोडाच वेळ उघडतें आणि त्याचा पराग बहुतांशीं त्याच फुलावर पडतो. त्यामुळें एका लोंबींत उपजलेला निराळेपणा पुढच्या पिढींत बहुधा टिकतो. बाजरीचें तसें नाहीं. तिच्यांत परपराग सर्रास होतो, व तुरींतही मधमाश्या सरमिसळ करतात. तेथें निवडलेलें कणीस अथवा फांदी फुलण्याच्या आधीं पिशवी बांधून झांकली नाहीं तर केलेली मेहनत वाऱ्यावर जाते.

दादाजींचें तें धान टिकलें. हंगामामागून हंगाम त्यांनीं त्यांतील चांगलें तें निवडून वाढविलें. दाणा पटेल तीनपेक्षां बारीक, शिजल्यावर भात चवदार. १९९० च्या सुमारास त्यांच्याच गांवच्या एका मोठ्या शेतकऱ्यानें त्यांच्याकडून बियाणें घेऊन चार एकरांत लाविलें आणि पिकलेलें धान तळोधीच्या बाजारांत नेलें. व्यापाऱ्यांनीं जातीचें नांव विचारलें. नांव तर कांहींच नव्हतें. त्या काळीं एचएमटीचें मनगटी घड्याळ हें घरोघर चांगल्या मालाची खूण समजलें जाई. व्यापाऱ्यांनीं धानास तेंच नांव देऊन टाकलें. हल्लीं किराणा दुकानांत 'एचएमटी तांदूळ' म्हणून जो मागतात, त्याचें मूळ असें आहे. तो महाराष्ट्राबाहेर मध्यप्रदेश, छत्तीसगड, आंध्र या बाजूंसही पसरला. घड्याळांचा तो कारखाना बंद पडला; तांदूळ चालू आहे.

यानंतरची हकीकत तितकीशी सुखाची नाहीं. सिंदेवाही येथील धान संशोधन केंद्रानें १९९४ सालीं त्यांच्याकडून बियाणें नेलें, आणि १९९८ सालीं कृषि विद्यापीठाकडून 'पीकेव्ही एचएमटी' या नांवानें शुद्ध केलेलें वाण प्रसृत झालें. श्रेय कोणाचें, याविषयीं पुढें वाद झाला. शुद्ध करण्याचें काम हेंही काम आहे, तें आम्ही हलकें लेखीत नाहीं. परंतु ज्याच्या पिशवीशिवाय शुद्ध करावयास कांहीं मिळालेंच नसतें, त्याचा वाटा पहिला, असें आमचें स्पष्ट मत आहे. २००५ सालीं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या पुरस्कारानें त्यांचा गौरव झाला. २०१० सालीं फोर्ब्स या नियतकालिकानें देशांतील ग्रामीण उद्योजकांच्या यादींत त्यांचें नांव घातलें. तरीही ज्या धानावर व्यापाऱ्यांच्या पेढ्या भरल्या, त्याच्या जनकाची ओढाताण अखेरपर्यंत संपली नाहीं. ३ जून २०१८ रोजीं ते वारले. मधल्या काळांत त्यांनीं नांदेड ९२, नांदेड चिन्नोर, विजय नांदेड, नांदेड हिरा, दीपक रत्न, डीआरके अशीं आणखी कित्येक वाणें त्याच रीतीनें काढिलीं. एकदां साधलें तर त्यास दैव म्हणतां येईल. इतक्या वेळां साधलें तर ती विद्याच म्हटली पाहिजे.

ही हकीकत वर्तमानपत्रांत प्रथम वाचली तेव्हां आम्हांस आनंद होण्याऐवजीं शरम वाटली. त्याचें कारण सांगणें भाग आहे.

नोकरीच्या पहिल्या कांहीं वर्षांतील गोष्ट. आम्ही पूर्व विदर्भांतील एका धानाच्या तालुक्यांत कारकून होतों. बाजाराचा दिवस होता. एक वृद्ध शेतकरी दुपट्ट्यांत गुंडाळून धानाच्या लोंब्यांची एक जुडी घेऊन आमच्या टेबलापाशीं आला. म्हणाला, "बाबूजी, माह्या बांधीतलं धान येगळं हाय जी. थे कागदावर मांडून द्या." आम्हीं त्यास सांगितलें, "बाबा, सरकारदरबारीं धान म्हणजे धान. जात लिहावयाचा रकाना नाहीं." त्यास अक्षरओळख नव्हती. तरी टेबलावर पडलेल्या उताऱ्याकडे त्यानें बराच वेळ पाहिलें आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवून विचारलें, "मंग थो खाना रिकामा काहून हाय?"

कचेरींतले आम्ही सर्व हंसलों. त्याच्या जुडीकडे आम्हीं पाहिलेंही नाहीं. ज्यास वाचतां येत नव्हतें त्यानें रिकामा रकाना पाहिला, आणि ज्यांस वाचतां येत होतें त्यांच्या तो कधीं लक्षांत आला नव्हता. पुष्कळ वर्षांनीं पंचनाम्याच्या कामासाठीं त्या गांवीं जाण्याचा योग आला तेव्हां आम्हीं मुद्दाम चौकशी केली. म्हातारा वारला होता. मुलगा म्हणाला, तें धान कांहीं वर्षें ढोलींत निराळें ठेवीत होतों. मग एका दुष्काळांत खाऊन टाकलें. तें धान चांगलें होतें कीं सामान्य होतें, हें आतां कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. त्याच्या नोंदीचा एक शब्दही कोठें नाहीं, आणि तो लिहिण्याची लेखणी त्या दिवशीं आमच्या हातांत होती.

आतां दिवस बदलले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यांत ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर आपणच करतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे सन २००१ चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम. या कायद्यानें शेतकऱ्यानें निवडून वाढविलेलें वाण त्याच्या नांवें नोंदवितां येतें, व त्यास शेतकऱ्याकडून नोंदणी फी घेतली जात नाहीं. परंतु वाण इतरांहून वेगळें आहे काय, तें एकसारखें उगवतें काय, आणि पिढीमागून पिढी तसेंच राहतें काय, या तीन कसोट्या त्यास लागतात. या कसोट्या 'माझ्या आज्यापासून चालत आलें आहे' एवढ्या बोलण्यावर उतरत नाहींत. कोणत्या सालीं, कोणत्या पिकांत, किती लोंब्या सांपडल्या. पुढच्या सालीं त्यांतून किती रोपें कशीं निघालीं. हें लिहिलेलें असेल तर काम पुष्कळ सोपें होतें. कागद नसला तर हक्क सिद्ध करणें किती कठीण, हें आम्ही सारी नोकरीभर लोकांस ऐकवीत आलों. तो नियम शेतांतील डोळ्यांसही लागू आहे, हें मात्र आतां सांगतों आहों.

द्राक्षांच्या धंद्यांतही हाच प्रकार आढळतो. थॉम्पसन सीडलेस ही बाहेरून आलेली जात. तासगांव तालुक्यांतील बोरगांवचे वसंतराव आर्वे यांनीं तिच्यांतून जी वेगळी वेल निवडली, ती पुढें 'तास-ए-गणेश' म्हणून गाजली. सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनीं त्याच जातींत लांबट मण्यांचा प्रकार हेरला, तो 'सोनाका'. येथें एक सूक्ष्म भेद लक्षांत ठेवावा. वेलींत बदल कधीं कधीं एकाच डोळ्यांत, एकाच काडींत होतो. बाकीची वेल जशीच्या तशी असते. त्यामुळें वेल पाहून चालत नाहीं, काडी पाहावी लागते, व तिचींच छाटणीचीं टोकें लावून वाढवावी लागते. छाटणीच्या घाईंत मजुराच्या कात्रीखालीं अशा किती काड्या गेल्या असतील, कोण जाणे!

इतकें झालें पिकाचें. परंतु ज्या शेतकरी बंधूंस अवजारें, दूध, गूळ किंवा दुसरा कांहीं माल करून विकावयाचा आहे, त्यांस रोपांइतकेंच माणसांकडे पाहावें लागतें. आणि येथें लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण जुनें असलें तरी आम्हांस टाळवत नाहीं. त्यांचा जन्म १८६९ चा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत ते चित्रकला शिकावयास गेले, तेथें त्यांच्या डोळ्यांस कांहीं रंग नीट ओळखतां येत नाहींत असें निष्पन्न झालें, म्हणून ते यंत्रांच्या आराखड्यांकडे वळले. रंग न ओळखणाऱ्या त्या डोळ्यानें पुढें जें पाहिलें, तें धडधाकट डोळ्यांच्या आम्हां लोकांस दिसलें नव्हतें. बेळगांवास सायकलींचें दुकान चालवितां चालवितां त्यांनीं शेतकऱ्याच्या उपयोगाचा पहिला माल काढला, तो कडबा कापण्याचें यंत्र. अखंड कडबा गव्हाणींत टाकला म्हणजे जनावर पानें व शेंडा खातें, जाड धांडें पायाखालीं तुडवितें. हें आपण रोज पाहतों व रोज झाडून उकिरड्यावर टाकतों. त्या झाडून टाकलेल्या धांडांत एक यंत्र विकलें जाण्याजोगें आहे, हें ओळखण्यास निराळा डोळा लागतो.

मग १९०३ सालीं त्यांनीं लोखंडी नांगर केला. काळ्या जमिनींत हराळी व कुंदा खणून काढावयास लाकडी नांगरास सहा-आठ बैल जुंपावे लागत, तेथें हा नांगर किती सोयीचा! परंतु पहिले नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. लोखंडानें जमीन विषारी होते, असा शेतकऱ्यांचा समज होता. आमच्या अनुभवाप्रमाणें अशा वेळीं विकणारा दोन चुका करतो. एक तर गिऱ्हाइकास अडाणी ठरवून घरीं बसतो. नाहीं तर किंमत कमी करतो. नकार किमतीचा नसून भीतीचा आहे, हें ज्यास दिसलें, त्यास किंमत उतरविण्यांत अर्थ नाहीं हेंही दिसतें. ज्याची सारी पोटगी एका तुकड्यावर, त्यास जमिनीविषयीं भीति वाटणें हा मूर्खपणा नव्हे. ती भीति शब्दांनीं जात नाहीं. शेजाऱ्याच्या शेतांत दोन पिकें त्या नांगरामागें उभीं राहिलेलीं पाहून जाते. त्यास दोन वर्षें लागलीं तर तीं फुकट गेलीं असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं संस्थानांत जागा दिली, आणि १९१० सालीं कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. तो इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे.

नकार देखील टिपून ठेवावा, असें जें आम्ही म्हणतों तें यावरून. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ गूळ करतात. बाजारांत त्यांचा गूळ परत आला कीं ते दलालास शिव्या देत. एका वर्षीं आमच्या आग्रहावरून त्यांनीं परत आलेल्या प्रत्येक ढेपेवर तारीख घातली. हंगामाअखेर पाहतात तों, परत आलेल्यांपैकीं बहुतेक ढेपा ऊस तोडून दोन दिवस पडून राहिल्यानंतरच्या गाळपाच्या होत्या. ऊस तोडून ठेवला कीं त्यांतील साखर उतरते, रस आंबूं लागतो, व गूळ मऊ पडतो. हें त्यांस ऐकून माहीत होतेंच. आपल्या ढेपांवर वाचेपर्यंत पटलें नव्हतें. आतां ते तोडणी व गाळप एकाच दिवशीं बसवितात. दलाल तोच आहे.

निवृत्तीनंतर आम्हीं एक वही घातली आहे. आमच्या वाट्याची जमीन पुतण्या करतो. आम्ही सकाळीं धुऱ्यावरून हिंडतों. वहीस रकाने आम्हींच आंखले : तारीख, बांधी कोणती, धुऱ्यापासून किती पावलें आंत, शेजारच्या रोपापेक्षां काय निराळें, त्याचें पुढें काय केलें. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेविला आहे. तीन वर्षांत चौदा नोंदी झाल्या, त्यांपैकीं अकरा फुकट गेल्या, त्याही खोडल्या नाहींत. पांच रोपें धुऱ्याच्या जोमानें फसवून गेलीं, चार ही गेल्या सालच्या सांडलेल्या बियाण्याची निव्वळ भेसळ निघाली, एकीवर रोगानें पिवळेपणा आला होता, व एक उंदरांनीं नेलें. पुतण्या प्रथम हंसत असे. गेल्या खरिपांत रोवणीनंतर त्यानेंच एक दिवस हांक मारून बोलाविलें, "काका, इकडं या, हे पाहा." तिसऱ्या बांधींत, धुऱ्यापासून चौदा पावलें आंत, दोन रोपें बाकीच्यांच्या आठ दिवस आधीं निसवलीं होतीं. आजूबाजूस खत नव्हतें, पाण्याचें तोंड नव्हतें. त्यानें आपणहून लाल दोरा बांधला होता. कापणीच्या आधीं दोहोंच्या मिळून नऊ लोंब्या निघाल्या. प्रत्येक लोंबी निराळ्या कागदी पाकिटांत घालून तीं पाकिटें फळीवर डब्यांत ठेविलीं आहेत, व वर तारीख, बांधी आणि पुतण्याचें नांव लिहिलें आहे. मृग लागला कीं नऊ ओळी निराळ्या टाकूं. यंदा बांधीच्या मध्यभागीं.